वहीच्या मागच्या पानावरची आई

घटक चाचणीच्या पेपरवर सही हवी असते, म्हणून आपण दप्तर उघडतो. हाताला लागते रफ वही. पुढच्या बाजूने बेरजा-वजाबाक्या, आणि वही उलटी केली की मागून वेगळाच कारभार. पट्टीने आखलेले चार-चार चौकोन. एकात एक बूट सापडलेला आणि दुसरा शोधणारा मुलगा. एकात निघून चाललेली रिक्षा. आणि एकात डोक्यापेक्षा मोठं तोंड असलेली एक बाई. तोंडातून फुगा निघालाय, फुग्यात एकच शब्द, "लवकऽऽर!" बाईच्या गाऊनवर पानाफुलांची नक्षी आहे. गाऊन ओळखीचा असतो.

अशा वेळी आपल्या घरोघरी काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. एक आई म्हणते, "चांगली कोरी पानं वाया घालवलीस." बाबा वाकून बघतात आणि म्हणतात, "अरे, हाताला सहा बोटं काढलीस की!" आत्या आली असेल तर ती फोटो काढते, आणि मूल चूळ भरून येईपर्यंत तो सगळ्या खानदानाच्या ग्रुपवर जाऊन पडतो. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागते.

यात कुणाच्याही मनात वाईट नसतं. नळाला पाणी येण्याची वेळ झालेली असते, कुकरची शिट्टी मोजायची असते, डबा भरायचा असतो. मागच्या पानावर थांबायला सवड कुणाला आहे?

पण दिवसभराची कामं उरकून रात्री पाठ टेकली की ती मोठ्या तोंडाची बाई आठवते. मी खरंच एवढी ओरडते का? शाळेत बाईंनी हे पाहिलं असेल का? हा मोठा होऊन आपल्याला असंच आठवणार का? मुलाने काढलेलं चित्र आपण कारणे दाखवा नोटीस असल्यासारखं वाचतो आणि मनातल्या मनात उत्तर लिहायला बसतो. रोज उशीर कोण करतं? बूट जागेवर कोण ठेवत नाही?

मला वाटतं, आपण इथेच थोडं थांबू या. कारण एक गोष्ट आपल्या लक्षातच येत नाही. मुलाची गोष्ट दिवसभर आपणच सांगत असतो. शेजारच्या काकूंना सांगतो, "हा भाजीला हात लावत नाही." पालकसभेत सांगतो, "घरी अभ्यास करते, पेपरात घाबरते." फोनवर मामीला सांगतो, "अजून रात्री लाइट बंद केला की रडतो." मूल शेजारीच उभं असतं. त्याची गोष्ट त्याच्यासमोर, त्याला न विचारता, भलतंच कुणी सांगत असतं. रफ वहीची मागची पानं ही बहुधा एकच जागा, जिथे तो स्वतः सांगतो आणि आपण त्यातलं एक पात्र असतो. पात्राला आपलं चित्र आवडेलच असं नाही. पण सांगायची पाळी त्याची आहे.

मग करायचं काय? मला सापडलेला सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे एवढंच म्हणणं, "मला वाचून दाखव ना."

हे काही मी शोधून काढलेलं नाही. आपल्या पैठणच्या नावाने एक जुनी चित्रशैली ओळखली जाते. पैठणी साडी जगाला माहीत झाली, पण ही पैठण चित्रं आपल्यालाच फारशी माहीत नाहीत. मोठ्या टपोऱ्या डोळ्यांची माणसं, ठसठशीत रंग, रामायण-महाभारतातले प्रसंग. एकोणिसाव्या शतकातली अशी चित्रं आज पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. ही चित्रं भिंतीवर टांगायला काढलेली नव्हती. चित्रकथी सुटी पानं घेऊन बसायचा, एकेक पान लोकांसमोर धरायचा आणि गात-बोलत कथा पुढे न्यायचा. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने ही परंपरा आजवर टिकवली. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्रीही मिळाली.

चित्रकथीच्या पानावर असतो तेवढा एक क्षण. आधी काय झालं आणि पुढे काय होणार, ते सांगणाऱ्याच्या तोंडी असतं. मुलांच्या वहीतल्या चौकोनांचं अगदी तसंच आहे. आपण नुसते चौकोन बघतो आणि अर्थ लावून मोकळे होतो. वाचून दाखवायला सांगितलं की कळतं, त्या "लवकऽऽर!"च्या चित्रात मुलाला बाई नव्हे, रिक्षा महत्त्वाची आहे. रिक्षात खिडकीजवळची जागा जाते, मग मधे बसावं लागतं, आणि मधे बसलं की एक मोठा मुलगा टपल्या मारतो. त्याला सांगायचं होतं ते हे. आपण मात्र आपल्या तोंडाचा आकार मोजत बसलो होतो.

ऐकताना आपली जीभ आवरणं हेच अवघड काम. "मग तू सांगितलं का नाहीस?" हा प्रश्न ओठांवर येतोच. त्याच्याऐवजी "मग?" एवढंच विचारून बघा. "हा कोण? याच्या मनात काय चाललंय?" असंही चालेल. बोटं सहा का, हे आज नको. चित्रकलेच्या तासाला बघू.

आता त्या मोठ्या तोंडाबद्दल. मुलं खोटं काढतात का? नाही. त्यांना जेवढं मोठं वाटलं, तेवढं मोठं ती काढतात. मोठी, नावाजलेली माणसंही असंच करतात.

'भीमायन' नावाचं एक चित्रमय पुस्तक आहे. २०११ साली दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने ते इंग्रजीत काढलं. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातल्या परधान गोंड कलाकारांची, शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे. पुस्तकाचा गाभा आहे बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग सांगणारं छोटंसं लेखन, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. या चित्रांत आगगाडी सापासारखी सळसळत जाते आणि किल्ला हिंस्र जनावर होतो. गरीब, सोसणाऱ्या माणसाच्या बोलण्याचा फुगा पाखरासारखा आहे. टोचून, हिणवून बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. मनातल्या मनात बोललेल्या शब्दांना डोळा आहे.

मुलांना हे फुगे समजावून सांगावे लागत नाहीत. आमच्या घरी हे पुस्तक आल्यावर काही दिवस जेवताना, "आई, आत्ता तुझ्या फुग्याला नांगी होती," असं ऐकावं लागलं. राग आला, हसूही आलं. पण घरात एक सोय झाली. "तू मला असं का बोललीस?" हे म्हणायला मुलांना जड जातं. "नांगी होती" हे पटकन म्हणता येतं.

आणखी एक गोष्ट मला व्याम जोडप्याची फार आवडली. त्यांना आपली पात्रं चौकटीत कोंडायची नव्हती. त्यांना मोकळी जागा हवी होती, म्हणून पुस्तकात नेहमीसारखे चौकोन नाहीतच. तेव्हा आपल्या लेकराने पट्टी न वापरता सगळं पानभर पसरून काढलं, तर काढू द्या.

या पुस्तकातला एक किल्ला आपल्या जिल्ह्यातलाच आहे. दौलताबाद. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांबरोबर वेरूळला निघाले होते, वाटेत किल्ला बघायला थांबले. धुळीने भरलेले हातपाय हौदाच्या पाण्याने धुतले म्हणून लोक शिव्या देत अंगावर आले. शेवटी किल्ला बघायला मिळाला, तो बरोबर पहारेकरी घेऊन, पुन्हा कुठे पाण्याला हात लागू नये यासाठी. आपण मुलांना शाळेच्या सहलीत दौलताबाद दाखवतो. अंधारी वाट दाखवतो, तोफ दाखवतो. गोदेच्या तापल्या वाळूत रडणारं पोर नाथ महाराजांनी कडेवर घेतलं, ही कथाही पैठणात आपण दर नाथषष्ठीला सांगतो. ही हौदाची गोष्ट सांगायची मात्र राहून जाते. ज्याच्यावर बेतली त्यानेच सांगितलेली गोष्ट किती वेगळी लागते, हे मुलांना तिथे कळेल.

त्याच लेखनात बाबासाहेबांची नऊ वर्षांच्या वयातली एक हकीकत आहे, १९०१ सालची. वडील सातारा जिल्ह्यातल्या गोरेगावला नोकरीवर. सुट्टीत पोरं त्यांना भेटायला निघाली, मोठी माणसं बरोबर कुणी नाहीत. मसूर स्टेशनात उतरली तर घ्यायला कुणीच आलेलं नाही. पोरांची जात कळल्यावर स्टेशनमास्तरचा चेहरा पालटला. बैलगाडीवाले दुप्पट भाड्यालाही बरोबर बसायला तयार होईनात. रात्रभराच्या त्या प्रवासात डब्यात खायला होतं, पण प्यायला पाणी कुणी दिलं नाही. एवढी मोठी जखम, आणि तरी कितीतरी वर्षांनी लिहिताना त्यांना आठवतात ते प्रवासासाठी घेतलेले नवे कपडे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं.

मुलांची स्मरणशक्ती अशी असते. मोठ्या घटनेशेजारी एखादी टोपी लख्ख उभी असते. म्हणून आजोबा गेले त्या दिवसाचं चित्र काढताना मुलीने मांडवातलं कुत्रं काढलं, तर "हेच सुचलं का तुला?" असं म्हणू नये. तिला आजोबांपर्यंत त्या कुत्र्याच्या वाटेनेच जायचं असेल.

आपल्याच भागातल्या संत बहिणाबाईंचं उदाहरण याहून जुनं. जन्म १६२८ चा, देवगाव रंगारीचा. पुढे वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला त्या राहिल्या. त्यांनी अभंगांमधून स्वतःचं आयुष्य सांगितलं, आणि शेवटी मुलाला, विठोबाला, जवळ बसवून आपले मागचे जन्मसुद्धा सांगितले अशी परंपरा आहे. त्या आत्मनिवेदनात नवऱ्याचा मार आहे, तुकोबांची ओढ आहे, आणि एक वासरूही आहे, लहानग्या बहिणाबाईला क्षणभर न सोडणारं, कीर्तनालाही तिच्या मागोमाग येणारं. त्या वासराला वगळून त्यांची गोष्ट सांगताच येत नाही. आईने आपली गोष्ट लेकराला सांगायची ही रीत आपल्या जिल्ह्यात तीनशेहून जास्त वर्षं जुनी आहे म्हणायची!

आता ज्या गोष्टी मुलं चित्रातही लपवतात, त्यांच्याबद्दल. चष्मा, तोतरेपणा, वाकडे दात, अंथरुणात शू होणं, वर्गात सगळ्यांत बुटकं असणं. आपण समजूत काढतो, "काही नाही रे, त्यात काय एवढं!" आपल्याला धीर द्यायचा असतो. मुलाला मात्र ऐकू येतं की ही गोष्ट बोलण्यासारखी नाही.

इथे दुसऱ्या कुणाची चित्रगोष्ट कामाला येते. अमेरिकेतल्या सीसी बेल यांना चौथ्या वर्षी मेंदूज्वर झाला आणि ऐकू येईनासं झालं. शाळेत छातीवर बांधायचं मोठं थोरलं श्रवणयंत्र मिळालं. त्याची लाज वाटायची. पण बाईंच्या गळ्यातल्या माइकमुळे बाई वर्गाबाहेर गेल्या तरी, अगदी बाथरूममध्ये गेल्या तरी, त्यांचा आवाज हिच्या कानात! मग हीच आपली अद्भुत शक्ती, असं त्या मुलीने ठरवलं. २०१४ साली 'एल डेफो' या पुस्तकात त्यांनी हे सगळं रंगवलं, स्वतःला लांब कानांची ससुली करून. रेना टेल्गेमायर यांच्या 'स्माइल'मध्ये सहावीतली मुलगी धडपडते आणि पुढच्या दातांचं नुकसान होतं. मग तारा, दवाखाने, चिडवणाऱ्या मैत्रिणी. दाताला तार लागलेल्या कोणत्याही मुलीला ती आपलीच बहीण वाटेल.

ही पुस्तकं इंग्रजीत आहेत आणि स्वस्त नाहीत, हे खरं. शाळेच्या ग्रंथालयासाठी चार पालकांनी मिळून एक प्रत घेतली तरी पुष्कळ. मराठीत हाताशी 'किशोर' आहेच. १९७१ पासून निघतोय, जुने अंक बालभारतीने मोफत वाचायला ठेवलेत. आणि आपण स्वतः 'सकाळ'मधला 'चिंटू' वाचत वाढलेली माणसं. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांच्या त्या दोन-तीन चौकोनांत मावत होतं काय? पप्पांची कटकट, मित्रांची भांडणं, आईची हाक. म्हणजे आपल्या घरात घडतं तेवढंच.

काहीजणांना लगेच वाटेल, चला, मुलाला कॉमिक्सचा क्लास लावू. थोडं थांबा. क्लास लागला की वेळापत्रक आलं, वेळापत्रक आलं की स्पर्धा आली, आणि मागचं पान पुढच्या पानासारखं झालं. शरद शर्मा यांची 'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया' ही संस्था गावोगावच्या साध्या माणसांकडून त्यांच्याच आयुष्यावरची चित्रं काढून घेते. चित्रकला येत नसलेली माणसंसुद्धा चार चौकोनांत आपलं म्हणणं मांडतात. घरी तेवढं पुरे. एका बाजूने छापलेले पाठकोरे कागद, एक पेन्सिल, चार चौकोन, आणि विषय मुलाचा.

विषय देऊच नये का? अडलं तर द्या, पण लहान द्या. "आज मधल्या सुट्टीत काय झालं?" "नाथषष्ठीच्या गर्दीत हात सुटला तेव्हा?" "धरणाचे दरवाजे उघडले त्या दिवशी?" 'माझी आदर्श आई' हा विषय कृपा करून देऊ नका. त्याचं चित्र मुलं निबंधाच्या पुस्तकातून काढतात.

आणि काही गोष्टी कितीही विचारलं तरी आज निघणार नाहीत. केइजी नाकाझावा सहा वर्षांचे होते, तेव्हा हिरोशिमावर बॉम्ब पडला. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ गेले. मोठेपणी ते चित्रकार झाले, तरी स्वतःची ती गोष्ट त्यांनी काढली १९७२ साली, आई गेल्यानंतर. पुढच्याच वर्षी 'बेअरफूट गेन' सुरू झालं. मूल गप्प असेल तर त्याला खोदून विचारू नये. कागद जवळ असू द्यावा.

आता जरा आपल्या धास्तीबद्दल. पोरं आपल्याला राक्षस म्हणून कायमचं कोरून ठेवतील ही भीती वाटते ना? इराणच्या मार्जान सात्रापी यांचं 'पर्सेपोलिस' आपण मोठ्यांनी वाचावं. क्रांती आणि युद्धाच्या दिवसांतलं तेहरान आहे, आणि त्यात आई-बाप आहेत. चिडणारे, घाबरणारे, रडणारे. त्याच पुस्तकात परदेशात गेलेली आई मुलीला हवी असलेली गाणाऱ्यांची पोस्टरं बापाच्या कोटाच्या अस्तरात शिवते आणि तो कोट घालून बाप विमानतळावरून बाहेर पडतो. मुलीने तो कोटही काढून ठेवला. मुलं हिशोब ठेवतात, पण दोन्ही बाजूंचा ठेवतात. आपल्याला फक्त पहिली बाजू दिसते, कारण ती वहीत आधी येते.

एक विनंती मात्र मनापासून. विचारल्याशिवाय त्या पानाचा फोटो कुणाला पाठवू नका. कौतुकाने सुद्धा नाही. एकदा आपली लाज सगळ्या नातेवाइकांनी बघितली, असं मुलाला वाटलं की तो पुढचं पान फाडूनच टाकतो. "हे आजीला दाखवू का?" असं विचारा. "नको" म्हणाला तर नको.

अपवाद एकच. तेच ते भीतीदायक चित्र पुन्हा पुन्हा येत असेल, कुणी अंगाला हात लावतंय, मारतंय, कोंडतंय असं त्यात दिसत असेल, किंवा त्याच्या जोडीने मूल जेवण-झोप सोडत असेल, शाळेला जायला घाबरत असेल, तर ते नुसतं चित्र समजून सोडून देऊ नका. शांतपणे, एकांतात विचारा. "तुझं काही चुकलेलं नाही" हे आधी सांगा. शाळेतल्या विश्वासाच्या बाईंशी बोला, समुपदेशकाला भेटा. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी दिवसरात्र सुरू असते.

शेवटी एक गोष्ट आपल्यासाठी. आपणही काढावं. होय, वाकडंतिकडं. पैठणात कितीतरी घरांमध्ये आजी-आजोबांचं मूळ गाव नाथसागराच्या पाण्याखाली आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली, १९७६ साली धरणाचं उद्घाटन झालं. मधल्या काळात माणसांनी दारं, खिडक्या, देव, गुरं घेऊन गाव सोडलं. त्या घराचा ओटा कुठे होता, चुलीचं तोंड कुठल्या बाजूला होतं, बैल कुठे बांधत, हे आजीला विचारत विचारत मुलांनी काढलं, तर घराण्याची एक चित्रकथा उभी राहील. माग असलेल्या घरातली मुलं वडिलांचे पाय मागावर कसे चालतात ते काढतील. आपण आपली शाळेतली पहिली छडी काढू. मुलांना आई-बाप कधीतरी लहान होते, घाबरत होते, हे कळायला दुसरा कुठला पुरावा मिळणार?

वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न उरतोच. रोज नाही जमणार. ओटा आवरायचा असतो, उद्याची भाजी निवडायची असते, डोळे मिटत असतात. अशा वेळी चित्रावर ओझरती नजर टाकून "छान" म्हणण्यापेक्षा "आज मी फार दमलेय, उद्या जेवणं झाली की बघते" असं सरळ सांगितलेलं मुलांना चालतं. फक्त मग उद्या जेवणं झाल्यावर, त्याने आठवण करून द्यायच्या आधी, आपणच म्हणू या, "आण रे ती वही."